हाताचा फेरा

बाजारात शिरताना मी अजूनही दोन्ही हात पाठीमागे बांधते. एखादा नवा भाजीवाला हसून विचारतो, "काय मॅडम, तपासणीला आलाव का?" मी मान हलवते आणि पुढे जाते. हा डोळ्यांचा फेरा आहे, हे त्याला कसं समजावणार? तो मला शिकवणाऱ्या जोगदंडबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणते आणि चार ओळींवर थांबते. कागदावर त्या गप्प बसलेल्या दिसतात, आणि गप्प बसलेल्या जोगदंडबाई मी आयुष्यात एकदाच पाहिल्या. त्या एका वेळेपर्यंत पोचायचं तर आधीचं सगळं सांगायला हवं.

बीडमध्ये आमच्या वसाहतीच्या तोंडाशी ग्राहक सहकारी भांडार होतं. तिथं तराजूमागे त्या उभ्या असायच्या. ठेंगणा बांधा, रुंद कपाळ, सुती पाचवारी, पदर घट्ट खोचलेला आणि पायात पांढरे कापडी बूट. साडीवर बूट घालणारी बाई तेव्हा आमच्या भागात दुसरी नव्हती. पोरं हसायची. बाई म्हणायच्या, "हसा. चपलेवर दुकान होतं, बाजार होत नसतो."

मी कॉलेजात ग्रंथपाल. एकटीच राहायचे. बदलून आले त्या आठवड्यात दारावरच्या गाड्यावरून वांगी घेत होते, तर शेजारच्या भिंतीवरून जोगदंडबाईंचा आवाज आला, "ओ मॅडम, ती वांगी कशानं घेतली?"

मला प्रश्न कळला नाही.

"म्हंजे डोळ्यानं घेतली का कानानं? त्यो म्हणला ताजी हायेत, अन तुमी पिशवी पुढं केली. हात कुठं लावला?"

गाडेवाला म्हणाला, "बाई, कावून माझ्या पोटावर पाय देता?"

"पोटावर न्हाई रे, वांग्यावर बोलायले मी." आणि भिंतीवरून हात लांब करून त्यांनी माझ्या पिशवीतलं एक वांगं उचललं, देठाशी दाबलं, परत गाड्यावर ठेवलं. मग दुसरं. पाचपैकी दोन टिकली. "पुस्तकं तरी चाळून घेता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "मग झालं तर. शिकवता येईल."

पुढच्या रविवारी त्यांनी मला उमापूरला नेलं.

त्यांचा हा उद्योग जुना होता. सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या गावाचा बाजार असतोच. बायका गोळा करायच्या, बाबूभाईंची काळीपिवळी जीप ठरवायची, सकाळी निघायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं. कधी गेवराईकडे, कधी सिरसाळ्याला, सीताफळांच्या दिवसांत धारूरला. बीडमध्ये मिळणार नाही असं त्या गावांत फार काही नसे. पण बाई म्हणायच्या, "दुकानात वस्तू मिळती. बाजारात माणूस मिळतंय, वस्तू त्याच्या हातात असती."

कुठल्या गावाचा बाजार कधी, रस्ता कसा, चहा कुणाचा चांगला, ही सगळी माहिती त्यांना घरातूनच मिळे. जोगदंडदादा एसटीत कंडक्टर होते. निम्मा जिल्हा त्यांच्या पायाखालचा. पण ते स्वतः एकदाही आमच्याबरोबर आले नाहीत. एकदा मी आग्रह केला तर म्हणाले, "मॅडम, सुट्टीच्या दिवशी मी हलणाऱ्या वस्तूत बसत नसतो." आणि झोपाळ्याकडेसुद्धा संशयानं बघत ओट्यावर पेपर वाचत बसले.

बाईंचा एक नेम होता. जो आला नाही त्याच्यासाठी काहीतरी न्यायचंच. दादांसाठी दरवेळी कंगवा असे. दादांना पूर्ण टक्कल. घरात बिस्किटांचा एक डबा कंगव्यांनी भरलेला होता. मी न राहवून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "लगीन झाल्यावर पैल्यांदा बाजारला निघाले तवा म्हणले होते, कंगवा आण. म्या इसरले. आता आणते."

"पण आता केस…"

"त्यांचे गेले. माझं इसरणं कुठं गेलंय?"

उमापूरच्या त्या पहिल्या दिवशी मला तीन फेरे शिकवले गेले. पहिला डोळ्यांचा. सगळा बाजार हात मागे बांधून बघायचा, भाव विचारायचा नाही, थांबायचं नाही. मग चहा. चहा पिताना काय पाहिलं ते एकमेकींना सांगायचं. दुसरा हाताचा. जे आवडलं त्याला हात लावायचा, दाबायचं, वाकवायचं, वाजवायचं, हुंगायचं. तिसरा पिशवीचा. बहुतेक बायकांचा तिसरा फेरा पहिल्याआधीच होतो, असं त्यांचं मत होतं, आणि हे म्हणताना त्या देशमुख काकूंकडे बघायच्या.

देशमुख काकू आमच्या समोर राहायच्या. मोठ्या घरातल्या, अंगानं भरलेल्या, मनानं लोण्यासारख्या. विकणाऱ्यानं "ताई" म्हटलं की त्या विरघळायच्या. आपण कुणालाही नाही म्हणू शकत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांचा त्याला इलाज नव्हता. म्हणून त्या बाईंना धरून असत.

हाताच्या फेऱ्याला बाईंच्या लेखी तडजोड नव्हती. "हात लावू नका" म्हणणाऱ्या दुकानातून त्या एक शब्द न बोलता बाहेर पडायच्या. एरवी भांडणाला तयार असणारी ही बाई तिथं मात्र भांडत नसे, हे माझ्या लक्षात आलं होतं. फक्त वळायची आणि चालू लागायची. त्या दुकानात मग पुन्हा आमचा पाय नाही.

उमापूरला एक धनगर घोंगड्या घेऊन बसला होता. काकूंना एक आवडली. तो म्हणाला, "ताई, पाऊस झेलंल पर थेंब आत येणार न्हाई." काकूंनी पिशवी उघडलीच होती. बाई म्हणाल्या, "थांबा. खाली बसा काकू." काकू बसल्या. बाईंनी घोंगडी त्यांच्या डोक्यावरून पांघरली, माझ्याकडून पाण्याचा कॅन घेतला आणि वरून धार धरली.

हा कॅन म्हणजे मूळचा भांडारातला तेलाचा, पाच लिटरचा, पांढरा. बाईंचं ब्रीद होतं, पाणी घरचं, चहा गावचा. बाजार सोडून माणसं जमली. घोंगडीच्या आतून काकूंचा आवाज आला, "अजून तरी कोरडी आहे मी!"

धनगर म्हणाला, "मेंढरू असतं तर पळालं असतं. तुमची ताई लई गरीब हाय."

काकू कोरड्या निघाल्या. घोंगडी घेतली. वरून ओघळलेलं पाणी बाईंनी धनगराच्याच घमेल्यात धरलं होतं, ते त्याच्या शेळीपुढं सरकवलं. पाणी सांडायचं नाही, हाही नियमच. वस्तू पारखायला वापरलेलं पाणी विकणाऱ्याच्या जनावराचं.

सहकाराचं वारं तेव्हा आमच्याकडे इतकं होतं, की चार माणसं चहाला जमली तरी त्यांतला एक अध्यक्ष व्हायचा. बाई तर भांडारातल्याच. त्यांनी आमच्या सहलींची रीतसर संस्था केली. नोंदणी नव्हती, पण ठरावाची वही होती. बाई अध्यक्ष, काकू उपाध्यक्ष, अक्षर चांगलं म्हणून मी सचिव. ती वही आज माझ्याकडे आहे. तीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: "सर्वानुमते ठरले की, देशमुख काकूंनी पहिल्या दुकानात साडी घेऊ नये. सूचक: जोगदंडबाई. अनुमोदक: देशमुख काकू." काकूंनी आनंदानं अनुमोदन दिलं होतं. पुढच्याच रविवारी सिरसाळ्यात त्यांनी पहिल्या दुकानात साडी घेतली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तातडीची सभा होऊन ठरावाला दुरुस्ती आली: "…शक्यतो घेऊ नये."

बाबूभाई स्टिअरिंगवरून म्हणाले, "हमारा बी नाव लिवा वहीत. निमंत्रित सदस्य."

"मत न्हाई मिळणार," बाई म्हणाल्या.

"नको मत. चहा मिळंल ना? बस हौ."

एका वर्षी मी हौसेनं वहीच्या मागच्या पानावर आमच्या सगळ्या बाजारांची यादी केली. शिरूर कासार होतं, पण शिरूरच्या पुढचा एक नावाजलेला बाजार नव्हता. रस्ता चांगला, अंतर फार नाही. मी बाईंना विचारलं, इथं कधी का गेलो नाही?

"तिकडं न्हाई," त्या म्हणाल्या आणि साखर तोलू लागल्या.

दादांनी नंतर ओट्यावर पेपरमागून सांगितलं, "तिचं गाव हाय ते. दुसरीत होती तवा सोडलं. माझी ड्यूटी त्या रस्त्याला बारा वर्सं होती मॅडम. एकदा बी इचारलं न्हाई तिनं, गाव कसं हाय म्हणून."

त्या गावाचं नाव बाई घ्यायच्या नाहीत, म्हणून मीही इथं लिहीत नाही.

मग ती सलग दुष्काळाची वर्षं आली. शिरूरकडची गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जात. आम्ही बाजाराला गेलो की निम्म्या जागा मोकळ्या दिसायच्या. भांडारासमोर तेला-साखरेची रांग रोज लांब होत होती. नळाला पाणी येईना. वसाहतीत आठ दिवसांनी टँकर यायचा, आणि आठ दिवसांचं पाणी साठवायला घराघरात मोठी भांडी लागू लागली. प्लास्टिकच्या टाक्यांत पाणी उन्हानं कढायचं. रांजणच हवे होते.

देशमुख काकूंनी रस्त्यावरच्या ट्रॅक्टरमधून एक रांजण घेतला. विकणारा "ताई" म्हणाला असणार. टँकर आला, काकूंनी आणि त्यांच्या सुनेनं घागरीनं तो काठोकाठ भरला. सकाळी त्यांच्या अंगणातून एक ओघळ निघाला होता. फाटकाखालून रस्त्यावर, रस्त्यावरून उतारानं थेट भांडारापर्यंत. आठ दिवसांचं पाणी. वसाहत बघायला जमली. कुणी रागावलं नाही, आणि काकूंना तेच लागलं. त्या पायरीवर बसून रडत होत्या. बाईंनी आपल्या घरच्या दोन घागरी त्यांच्याकडे ओतल्या, मग रांजणाला बोटाच्या पेरानं ठोकलं. भद्द आवाज आला.

"ही चीर रडत हुती की काकू. तुमी ऐकलं न्हाई."

त्या संध्याकाळी सभा झाली. रांजण घ्यायचे, पारखून घ्यायचे, हे ठरलं. कुठून, एवढाच प्रश्न होता. सगळ्यांना ठाऊक होतं, जिल्ह्यात चांगले रांजण एकाच बाजारात मिळतात. शिरूरच्या पुढं. शेवटी काकू, ज्यांना बाईंच्या गावाचं काही माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या, "मी सूचक. तिकडंच जाऊ."

मी अनुमोदन दिलं नाही. बाईंकडे बघत राहिले. दुसऱ्या एकीनं दिलं. हात वर झाले.

बाई म्हणाल्या, "लिहा मॅडम. अध्यक्ष तटस्थ."

सभा उठल्यावर मी मागे थांबले. म्हटलं, तुम्ही येऊ नका, आम्ही आणतो. त्या हसल्या. "तुमी आणाल? काकू अन तुमी? समदी वसाहत वाहून जाईल." मग दाराशी टेकून त्यांनी मला सांगितलं, भाव सांगावा तसं.

त्यांची आई गावात कुंभाराकडे कामाला जायची. लीद गोळा करायची, राख चाळायची, मातीची ढेकळं फोडायची, मडकी भाजायचा आवा लावायला काटक्या आणायची. "कच्च्या मातीला आमचा हात चालायचा मॅडम. भाजली की न्हाई." आव्यातून मडकं निघालं की त्याला हात लावायचा नाही. घरासाठी मडकं हवं असलं तर लांब उभं राहायचं. कुंभार एखादं आणून भुईवर ठेवणार, तो मागे सरला की उचलायचं. ठोकून बघायचं नाही, वाकून बघायचं नाही. "त्येच्यातली निम्मी गळकी असायची. आई फडक्याला राख लावून बुजवायची. म्या म्हणायचे, आई, माती तर तूच फोडली, मग वाजवून घे की. तर म्हणायची, गप." छप्पन्न सालानंतर त्यांच्या घरानं धम्म घेतला, वडलांनी गावकी सोडली, आणि बीडला येऊन ते हमाली करू लागले. आई पुन्हा त्या गावी गेली नाही.

"ती गेली, पर मडकं न वाजवताच गेली," बाई म्हणाल्या. "आता मला तिथं हुबं ऱ्हायचंय. हात पुढं आला तर बरं. न्हाई आला तर काकूंना सांगू नका."

निघालो त्या दिवशी जीपमध्ये बाई बोलल्या नाहीत. मी म्हणाले ती वेळ हीच. पुढच्या सीटवर कॅन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाटेत ऊसतोडीहून परतणाऱ्या बैलगाड्या लागल्या, गाड्यांवर चुली, कोंबड्या, झोपलेली मुलं. एरवी बाईंनी प्रत्येक गाडीला हाक मारून गाव विचारलं असतं. बाबूभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मी मान हलवली. काकूंना वाटलं, बाईंना गाडी लागतेय. त्यांनी लिंबू दिलं. बाईंनी ते निमूटपणे हुंगलं.

बाजार मोठ्या चिंचेखाली भरला होता. आम्ही हात मागे बांधून डोळ्यांचा फेरा केला. कुंभाराची जागा सगळ्यांत शेवटी. रांजणांच्या तीन रांगा, पुढे माठ, त्यापुढे घागरी. मधोमध चाळिशीचा एक माणूस उभा होता, दत्तू नाव, आणि कडेला सावलीत एक म्हातारी बसलेली, तिच्याजवळ खुंट्याला शेळी. चहा झाला. चहावर बाईंनी काय पाहिलं ते सांगितलं नाही.

हाताचा फेरा सुरू झाला. आम्ही सगळ्या रांजणांपुढे जाऊन उभ्या राहिलो. बाई सर्वांत पुढे. त्यांचे हात पाठीमागेच होते. मी मागे होते म्हणून मला दिसलं, डाव्या हातानं उजव्याचं मनगट घट्ट धरलेलं होतं.

काकू म्हणाल्या, "अहो बाई, वाजवा की! मला तर सगळेच चांगले दिसायलेत."

बाई हलल्या नाहीत. दत्तू म्हणाला, "बघा मावशी, बघा. हात लावून बघा."

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं हे इतक्या सहज म्हटलं, की बाईंच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं, आपण जोर लावून दार ढकलायला जावं आणि ते उघडंच असावं तसं. पण हात तरीही आले नाहीत. सावलीतली म्हातारी त्यांच्याकडे बघत होती.

"कुनाची गं तू?" म्हातारीनं विचारलं.

"गंगूची," बाई म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "लीद आणायची त्या गंगूची चंद्रकला."

म्हातारीनं बाईंना पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "म्या नवी नवरी हुते तवा. तुझ्या आईच्या हातची माती लोण्यावानी असायची. खडा घावायचा न्हाई." आणि थोड्या वेळानं, "कवा मडकं वाजवून नेलं न्हाई तिनं."

"वाजवू देत हुता का?" बाईंनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. भाव विचारल्यासारखं विचारलं.

"न्हाई," म्हातारी म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही, सारवासारवही केली नाही. "न्हाई देत हुतो. तू वाजीव. समदे वाजीव."

बाईंनी कॅन खाली ठेवला. पदर खोचलेलाच होता, तरी पुन्हा खोचला. आणि पहिल्या रांजणाला उजव्या हाताच्या पेरानं ठोकलं. टण्ण. दुसऱ्याला. टण्ण. तिसऱ्याला. त्यांनी पहिली रांग संपवली, दुसरी घेतली. कान जवळ नेला, आत खांद्यापर्यंत हात घालून बूड चाचपलं, कडेवरून तळवा फिरवला. घ्यायचे होते सहा. त्यांनी तिन्ही रांगा वाजवल्या. मग माठ. मग घागरी. बाजारातली माणसं वळून बघू लागली. काकूंना राहवेना, त्याही ठोकू लागल्या. बाबूभाई जीप सोडून आले आणि एक घागर कानाला लावून म्हणाले, "हौ, बोलती है!" दत्तू आधी हसत होता, मग काळजीत पडला. "मावशी, फुटतील की!"

"भाजलेलं हाय, फुटत न्हाई," म्हातारी म्हणाली. "गप बस तू."

बाईंनी आठ रांजण बाजूला काढले. त्यांतल्या एकाचा त्यांना संशय होता. "पाणी घालून बघावं लागंल."

दत्तू म्हणाला, "मावशी, पाणी कुठून आणू? प्यायला न्हाई."

"पाणी माझं हाय."

घाम आणि गळती यांतला फरक त्यांनी मला तिथं शिकवला. घाम उशिरा येतो आणि सगळ्या अंगानं येतो. चीर असली की पाणी एकाच जागी, लगेच, रेघ ओढतं. कॅनमधलं पाणी पहिल्या रांजणात घातलं, आम्ही दोघींनी धरून कलता करून फिरवलं, बाहेरून न्याहाळलं, तेच पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. थेंबही खाली पडू दिला नाही. संशयाच्या रांजणानं बुडाशी बोटभर रेघ ओढली. दत्तूनं तो मुकाट्यानं रांगेतून काढला.

सहा ठरले. बाईंनी उरलेलं पाणी कॅनमध्ये परत ओतून घेतलं आणि सवयीनं शेळीकडे वळल्या. घमेलं शोधू लागल्या.

म्हातारी म्हणाली, "शेळीला कावून? मला दे की. सकाळधरनं घशाला कोरड हाय."

बाई थांबल्या. म्हातारीजवळ तांब्या नव्हता. शंभर भांड्यांच्या कडेला बसलेल्या त्या म्हातारीनं सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाशी धरली. वरून धार धरायची, एवढंच बाकी होतं. आम्ही बघत होतो.

"ओंजळ नको," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढला, त्यात पाणी भरलं आणि म्हातारीच्या हातात दिला. "धरा असा. टेकून, हळू प्या."

म्हातारी पेल्याला तोंड लावून प्यायली. संपल्यावर पेला पुढे केला. "लई गोड हाय. अजून दे."

"बीडच्या टँकरचं हाय आजी, त्येला कुठली गोडी," काकू म्हणाल्या, आणि तिथं सगळ्यांत मोठ्यानं म्हातारीच हसली.

परतताना रांजण जीपच्या टपावर आणि मागे, गवत घालून. एकाला जागा उरली नाही. तो बाईंनी पुढच्या सीटवर आपल्याशेजारी घेतला, एक हात त्याच्या गळ्यात टाकून. शिरूर येईपर्यंत त्यांचं बोलणं इतकं सुरू झालं होतं, की काकू म्हणाल्या, लिंबाचा गुण आला. ओट्यावर दादा वाट बघत उभे होते, पेपर नव्हता हातात. बाई उतरल्या, पिशवीत हात घातला आणि कपाळाला हात लावला.

"कंगवा इसरले," त्या म्हणाल्या.

दादांनी रांजणाकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "म्या आज इंचरलंय."

त्यानंतर आम्ही त्या बाजाराला पुष्कळदा गेलो. यादीत ते गाव मी माझ्या अक्षरात घातलं. भांडार पुढे बंद पडलं, काकू मुलाकडे पुण्याला गेल्या, बाबूभाईंनी जीप विकली. बाई आणि मी एसटीनं जायचो. म्हातारी गेली तेव्हा दत्तूचा निरोप बाईंकडे आला होता, आणि बाई जाऊन आल्या.

गेल्या वर्षी बाईंचं चालणं बंद झालं. कार्तिकात मी एकटीच तिकडं गेले. तिन्ही फेरे केले. एक लहान माठ निवडला, ठोकला, आत हात घातला, कानाला लावला. माझी खात्री पटली. बाईंसाठी म्हणून आणला आणि थेट त्यांच्या पलंगाशी नेला.

खोलीच्या कोपऱ्यात तो जुना रांजण होता, अजून पाण्याचा. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हात अगदी वाळलेले. मी माठ त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले, पेरानं ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"वाजवून घेतला?"

"घेतला."

"मॅडम, तुमी ऐकलं न्हाई. गळका हाय."

मला पटेना. दादांनी रांजणातून तांब्याभर पाणी काढून त्यात ओतलं, आणि माठ खिडकीतल्या उन्हात परातीवर ठेवला. आम्ही तिघं बघत बसलो. काहीच होईना. दादा म्हणाले, "तुझा कान गेला आता." मलाही तसंच वाटलं, आणि मनातून बरं वाटत नव्हतं. बाई मात्र उशीवरून पुढे झुकल्या होत्या, नजर माठाच्या बुडावर.

मग तिथं केसाएवढ्या चिरेतून एक ओली रेघ उमटली. ती हळूहळू लांबली, तिच्या टोकाशी थेंब जमला, थांबला, आणि परातीत पडला.

"बगा!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी टाळी वाजवली.